चिंचा पाडणारे लाडू

“मग यात कमी काय आहे, ते तरी सांगा बुवा!”

शर्वाणीनं परात मठाच्या ओट्यावर जवळजवळ आपटलीच.

परातीत लाडू होते. खजूर, शेंगदाण्याचं कूट, तीळ, जवस. साखरेचा कण नाही, चूल पेटवायला नको.

परदेशात आहारशास्त्र शिकून ती मुद्दाम या टेकडीवर आली होती. खालच्या वस्त्यांवरची पोरं उपाशीपोटी चढ चढून मठाच्या शाळेत येत आणि प्रार्थना संपायच्या आत पेंगू लागत. शाळा सुटताना प्रत्येकाच्या खिशात एक लाडू द्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी चढता चढता खायला. हे झालंच पाहिजे, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मठ बुवांचा; त्यांनी मान डोलावली तर स्वयंपाकघर तिच्या हाती. नाहीतर आहेतच पुन्हा बिस्किटांचे पुडे.

बुवांनी एक लाडू उचलला. अधू डोळ्यांजवळ नेला. मग ओट्याच्या दगडावर वाजवला.

टक्!

“पोरांना आवडला?”

स्वयंपाकघराच्या दारातून मठाच्या स्वयंपाकीण सुंदराकाकूच बोलल्या, “आवडला तर! काल त्यांनी चिंचा पाडल्या यानं.”

शर्वाणीचे कान तापले.

“आधीचे सैल झाले होते, बुवा. खिशात नुसता भुगा. म्हणून या वेळी जोर लावला. होता नव्हता तेवढा.”

“आणि आता?”

“पुन्हा करते. जमल्याशिवाय उठणार नाही.”

“ऊठ,” बुवा म्हणाले. “मला टाक्यावर ने. पाय धुवायचेत.”

“आत्ता?... बुवा, खजूर भिजलाय.”

“भिजू दे की.”

पाण्याचं टाकं खाली उतारावर होतं. कातळात खोदलेल्या पायऱ्या, त्यांवर शेवाळ. शर्वाणीनं बुवांचं मनगट गच्च पकडलं आणि निघाली. चार पायऱ्या उतरतात न उतरतात तोच बुवा थांबले.

“अगं बाई, मनगट आहे माझं. खजूर नव्हे.”

तिनं चटका बसल्यासारखा हात सोडला.

बुवांचा पाय सरकला. तिनं झेप घेऊन दंड धरला, तेव्हा कुठे ते सावरले.

“लागलं का?”

“नाही. पण तू सोडलंस की गं...”

बुवांनी पुन्हा हात पुढे केला. हाडं नि कातडी, एवढाच तो हात. या वेळी तिनं तो जपून घेतला. बुवा डुलले की तिची बोटं आपसूक मिटत, सावरले की सैल होत. एकदाही तिनं खाली बोटांकडे पाहिलं नाही. तिचं सगळं ध्यान बुवांच्या पावलांकडे होतं.

पाय धुऊन झाले. दोघं तशीच हळूहळू वर आली.

स्वयंपाकघराच्या दारात मात्र तिला राहवलं नाही.

“बुवा, मी हे सोडणार नाहीये. पोरांना लाडू मिळणारच. फक्त एक सांगा... किती दाबायचा?”

बुवांनी उंबरठ्याशी चौकटीला टेकून आपला हात सोडवून घेतला.

शर्वाणीची बोटं मघासारखीच अर्धी मिटलेली, रिकामी, तिथेच राहिली. आत काकूंनी परातीत नवं मिश्रण काढून ठेवलं होतं. तिकडे जायला वळताना ती बोटं सरळ करणार, तोच बुवा म्हणाले,

“अंहं... तशीच घाल परातीत.”