सारजा कासारीण आणि बुटक्याची घंटी

एक होती कासारीण. राजा नाही नि राणी नाही. रोज काय राजेच हवेत तुम्हाला? मल्हार, आधी पाय पांघरुणात घे. हं, आता ऐक.

कासारीण म्हणजे बांगड्या भरणारी. हिचं नाव सारजा. डोक्यावर पेटारा, पेटाऱ्यात दोरीत ओवलेल्या काचेच्या बांगड्या. हिरव्या, तांबड्या, मोरपंखी. नदीकाठच्या तीन गावांत ती फिरायची. माझ्या माहेरी यायची ना आमची कासारीण, अगदी तशीच. ती आली की आई हातातलं काम टाकायची. ओसरीवर सगळ्या बायका गोळा. कासारीण एकेकीचा हात हातात घ्यायची, दाबून दाबून मऊ करायची, आणि बांगडी अलगद आत. बोलणं तर विचारूच नका! कुणाची सून रुसली, कुणाची गाय व्याली, सगळं तिला ठाऊक. आता दुकानात काचेपलीकडून डबा सरकवतात. आपला हात कोण धरतं रे? फार आठवण येते मला तिची.

असो. तर एकदा काय झालं, सारजाचा घसा बसला. 'बांगड्या घ्या बांगड्या' ओरडायला जावं तर नुसती हवा! मग ती वडाखाली बसली हिरमुसून. तेवढ्यात पारंब्यांवरून एक बुटक्या उतरला. वीतभर माणूस, आणि पागोटं त्याच्याहून मोठं. रेवा, हसू नकोस, पागोटं सावरता सावरता पडला असता बिचारा.

"सारजाबाई, ही घंटी घे," बुटक्या म्हणाला. "जी ऐकेल तिला बांगड्या घ्याव्याशा वाटतील."

"आणि तिला नको असल्या तर?" सारजानं बसक्या घशानं कसंबसं कुजबुजत विचारलं.

"तरी घेईल."

इथंच सारजानं उठून जायला हवं होतं. पण नाही गेली. माणूसच ती. घेतली घंटी.

मग पहिल्या गावात गेली. घंटी वाजवली, किणकिण किणकिण. अगं बाई, बायका धावत सुटल्या! कुणाचं दूध उतू गेलं, कुणाची भाकरी करपली. एका म्हातारीनं तर तान्ह्या बाळाच्या बांगड्या घेतल्या. घरात बाळ सोडा, मांजरसुद्धा नव्हतं.

मग दुसऱ्या गावात गेली. तिथं एकीनं दळायला काढलेले गहू टोपलीसकट सारजापुढे ओतले आणि बांगड्या घेऊन चालती झाली. संध्याकाळी पोरं उपाशी. आणि गंमत बघा, एवढ्या बायका आल्या, पण एकही सारजाशी बोलली नाही. 'घसा कसा आहे गं' एवढंसुद्धा नाही. सारजाला चुटपुट लागली. पण पेटारा भराभर रिकामा होत होता ना, मग कोण थांबतंय?

मग तिसरं गाव. तिथं काशी नावाची सून होती. दिवस भरत आलेले, दुसऱ्या दिवशी ओटी भरायची होती. घंटी ऐकून काशी आली, म्हणाली, "मला त्या बारीक घेराच्या, हिरव्या." सारजानं हात धरला. हात सुजलेला होता. दिसलं तिला, बरं का. हाताला कळलं, डोळ्यांना कळलं. पण मागं बायकांची रीघ लागलेली. मग तिनं हात दाबला आणि सटासट भरल्या.

रात्रीतून काशीचा हात निळा पडला. सकाळी, ऐन ओटीच्या दिवशी, सासूला त्या हिरव्या बांगड्या दगडानं वाढवाव्या लागल्या. बांगडी फुटली म्हणायचं नाही हो बाळांनो, वाढवली म्हणायचं. काशी रडली. तिची सासू म्हणजे बायजाबाई, मोठी खमकी बाई. ती रस्त्यावर येऊन गरजली, "सारजे, पुन्हा या गावाच्या वेशीत पाऊल टाकलंस तर बघ!"

जन्मभर जोडलेल्या बायका, आणि आता दार बंद. मग तिनं नदी गाठली आणि घंटी भिरकावली पाण्यात. पडता पडता ती किणकिणली. तर काय, नदीतले सगळे मासे वर आले, पर पुढं करून म्हणतात, "आम्हालाही भर, आम्हालाही भर!" सारजा म्हणाली, "जा रे बाबांनो, तुम्हाला मनगट तरी आहे का?"

मग ती पहिल्या गावात गेली, म्हातारीच्या बांगड्या परत घेतल्या. दुसऱ्या गावात गेली, गहू टोपलीत भरून दिले, आणि बसून दळूनही दिले. मग तिसऱ्या गावाच्या वेशीबाहेर जाऊन उभी राहिली. आत पाऊल नाही, तोंडातून शब्द नाही. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. पाण्याला जाणाऱ्या बायका मान फिरवून जात. तिसऱ्या दिवशी बायजाबाई स्वतःच आली.

"काय गं, इथं खांबासारखी का उभी?"

"बायजामावशी, काशीचा हात सुजलेला मला दिसला होता. दिसला, तरी भरल्या मी. घंटीचा दोष नाही, माझाच."

बायजाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "काशी सुटली काल. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

सारजा मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

बायजाबाई तिच्यासमोर बसली. डोळे मिटले, हात पुढे केला. "भर," म्हणाली.

सारजानं डोळे पुसले, हात हातात घेतला. दाबला, उलटा केला, सुलटा केला. आणि सोडून दिला. "आज नाही भरणार, मावशी. बाळंतिणीची शेगडी पेटवताना मनगट भाजलंय तुमचं. काच लागेल. आठ दिवसांनी येते."

बायजाबाईनं डोळे उघडले. "मेले, घरात कुणाला दिसलं नाही गं हे," म्हणाली. मग सारजाच्या दंडाला धरून तिला उठवलं. "चल, नात दाखवते."

मग सारजा वेशीच्या आत गेली. आठ दिवसांनी बांगड्या भरल्या, आणि तिन्ही गावांत पुष्कळ वर्षं भरत राहिली. काशी सुखात, बायजा सुखात, सारजाही सुखात. झाली गोष्ट. रेवा, डोळे मीट गं. मल्हार तर केव्हाच घोरायला लागला, लबाड.