कवडी बोलेनाशी झाली

एक होता राजा. पण तो आपल्या गोष्टीत एकदाच डोकावतो, तेव्हा त्याला तिकडं गादीवर बसू दे. आपली गोष्ट त्याच्या राज्यातल्या एका लहानशा वाडीची. आणि नमू, तू आधीच डोळे पुसायला लागतेस, म्हणून पहिलंच सांगून ठेवते. ह्या गोष्टीत कोंबडी आजारी पडते, पण मरत नाही. झालं? आता पाय पांघरुणात घे.

तर त्या वाडीत येसाई नावाची एक म्हातारी राहायची. डोळ्यांनी आंधळी. घरात दुसरं कुणी नाही. पण तिच्याकडे एक कोंबडी होती, अंगावर कवड्यांसारखे ठिपके, म्हणून नाव कवडी. आणि ती कवडी माणसासारखी बोलायची, बरं का.

बोलायची म्हणजे काय, दिवसभर टोचायची. सकाळी तिच्यावर पालथी घातलेली टोपली, म्हणजे डालं, उचललं की फडफडत बाहेर. येसाईच्या अंगावर नजर टाकून पहिलं वाक्य ठरलेलं, "येसाई, लुगडं उलटं नेसलीस." किंवा, "आज सुलटं आहे. सूर्य कुठून उगवला?" मग पुढं पुढं चालायची. "डावीकडं ये. दगड आहे. अगं, डावं म्हणजे जेवायचा हात नाही तो." चुलीवर भाकरी करपायला लागली की उंबऱ्यातून ओरडायची. येसाई म्हणायची, "देवानं माझे दोन डोळे नेले आणि ही दोन पायांची बया दिली." कवडी होती म्हणून ती आपल्या घरात आपल्या हातानं रांधून खात होती. कवडी नसती तर भावाच्या घरी जाऊन एका कोपऱ्यात बसायचं, आणि कुणी देईल तेव्हा खायचं. येसाईला त्या कोपऱ्याची फार भीती वाटायची.

एकदा काय झालं, राजाची स्वारी वाडीवरून चालली होती. आला बघ आपला राजा. सगळे वाकून उभे. आणि कवडी कुंपणावर चढून म्हणाली, "महाराज, पागोटं कानावर आलंय." राजा पोट धरून हसला. पागोटं नीट केलं आणि निघून गेला. झालं, त्याचं काम संपलं.

पण त्या दिवसापासून कवडीचं नाव चारी दिशांना झालं. मग वाडीतला दगडू भगत येसाईला म्हणाला, "एवढं नाव झालं, आता दृष्ट लागणार." आणि त्यानं अमावास्येला कवडीच्या पायात काळा दोरा बांधला. आठ दिवसांत दोरा गायब. भगत खूश. म्हणाला, "बघ, दृष्ट दोऱ्यावर उतरली. दोरा गेला, इडापिडा गेली." पुढच्या अमावास्येला दुसरा बांधला. तोही गेला. मग तिसरा. तोही गेला. दोरा जातो कुठं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आणि मग एके सकाळी कवडी बोलेना.

येसाईनं डालं उचललं. फडफड नाही. परसात राखेच्या ढिगाशी रोज खरर खरर उकरल्याचा आवाज यायचा, तोही नाही. "कवडे, लुगडं कसं आहे?" काही नाही. येसाई हात पुढं करत शेजारच्या पारूबाईकडे गेली. पारूबाईनं येऊन पाहिलं आणि सांगितलं, "म्हातारे, कोपऱ्यात पिसं फुलवून बसलीय, गोळा होऊन. शेपूट खाली. तुरा बघ, काल लालभडक होता, आज वाळल्या मिरचीसारखा. डोळे अर्धे मिटलेत."

आता कोंबडीची एक खोड ऐका. ती आजार लपवते. लपवावाच लागतो. दुबळी दिसली की बाकीच्या कोंबड्या टोचतात, कुंपणावरून मांजर बघतं. म्हणून ती अगदी गळून जाईपर्यंत बरी असल्याचं सोंग करते. आपल्याला ती आजारी दिसली, तेव्हा ती बऱ्याच दिवसांची आजारी असते. मी आठवड्याच्या बाजारात दाणे विकायला बसायचे ना, तेव्हा माझ्या शेजारी एक कोंबडीवाला बसायचा. गोड माणूस, पण लबाड. मरतुकड्या कोंबडीच्या तुऱ्याला तेल चोळून लाल करायचा आणि नुसतं पोट फुगेपर्यंत दाणे चारायचा. गिऱ्हाईक डोळ्यांनी बघायचं आणि फसायचं. मी त्याला म्हणायचे, "मामा, तुमच्याकडून कोंबडी घ्यायला आंधळंच गिऱ्हाईक पाहिजे. ते हात लावून बघेल."

असो. मग पहिल्या दिवशी आला दगडू भगत. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मिरच्या जाळल्या. सगळे खोकले, कवडी सोडून. "मोठी दृष्ट आहे," म्हणाला आणि चौथा दोरा बांधून गेला.

दुसऱ्या दिवशी पारूबाई म्हणाली, "अशक्तपणा आहे, दुसरं काय? खाल्लं की बरी होईल." तिनं दुधात भाकरी कुस्करली, बाजरी भिजवली, आणि चोच उघडून कवडीला भरवलं. चांगल्या मनानं, बरं का. कवडी आणखीच मुटकुळून बसली. नुसती मान लांब करायची, वाकडी करायची, आणि परत बसायची.

तिसऱ्या दिवशी घोड्यावर बसून राजवैद्य आले. राजाच्या कानावर गेलं होतं ना. त्यांनी आधी कवडीच्या पंखात नाडी शोधली. मग पायात शोधली. मग पोथीत शोधली. शेवटी एक पुडी काढून म्हणाले, "हे चूर्ण भरपूर दाण्यांत कालवून द्या. उद्या दुपारपर्यंत फरक पडला नाही, तर आशा नाही."

वैद्य गेल्यावर पारूबाई हळूच म्हणाली, "राग मानू नको, येसाई. मरून वाया जाण्यापेक्षा उद्या दुपारी मी विळी घेऊन येते. माझ्याकडं पाहुणे आहेत. तुलाही वाटी आणून देईन."

येसाईनं कवडीवर डालं झाकलं. काय करणार? एवढ्या डोळसांनी पाहिलं आणि सांगितलं. आपल्याला काय दिसतं?

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं डाल्यात हात घातला आणि कवडीला मांडीवर घेतलं. निरोप घ्यायला. रोज संध्याकाळी कोंडताना ती तिला असंच कुरवाळायची. सकाळी मात्र कधी नाही, कारण सकाळी कवडी हाताला लागायचीच नाही, डालं उचललं की पळालीच. तर येसाईची बोटं डोक्यावरून मानेवर आली, मानेवरून छातीवर आली, आणि थांबली.

कोंबडीच्या मानेच्या मुळाशी, छातीवर उजव्या अंगाला, एक पिशवी असते. दिवसभर टिपलेले दाणे आधी त्या पिशवीत भरतात. संध्याकाळी हात लावलात तर ती टम्म लागणार, आणि तसंच पाहिजे. मग कोंबडी झोपते, आणि तिच्या पोटातलं जातं घरघर चालू होतं. रातोरात सगळं दळून काढतं. सकाळी पिशवी रिकामी. संध्याकाळी भरलेली, सकाळी रिकामी. असंच पाहिजे.

आणि आता उजाडत होतं. कवडीनं कालपासून कणभरही टिपलं नव्हतं. वैद्यांचं चूर्ण तसंच पडून होतं. तरी पिशवी भरलेली. नुसती भरलेली नाही, सुपारीसारखी टणक.

येसाईनं नाक जवळ नेलं. चोचीतून आंबूस वास येत होता.

"अगं बाई," ती पुटपुटली, "हिचं जातं अडलंय. आणि आम्ही वरून आणखी दाणेच ओततोय."

कुठलीही बाई सांगेल तुम्हाला, जातं अडलं की दाणे ओतायचे नसतात. थांबायचं. वरची तळी उचलायची, अडकलंय काय ते बघायचं. कोंबडीची तळी कशी उचलणार? मग येसाईनं दुसरं केलं. दाण्यांची वाटी बाहेर ठेवली. चुलीवर पाणी कोमट केलं, त्यात गोड्या तेलाचे चार थेंब टाकले, आणि चोचीच्या कडेनं बोटावरून एकेक थेंब सोडला. घाई नाही. एक थेंब, गिळू द्यायचं, मग दुसरा. मग बोटांच्या पोटांनी ती पिशवी चोळायला लागली, कणीक मळताना शेवटचा हात फिरवतो ना, तशी हलके हलके. पण पिशवी सुपारीची सुपारीच.

दुपारी विळी घेऊन पारूबाई हजर. येसाई म्हणाली, "आलीस ना? विळी ठेव आणि हात दे इकडं." तोवर येसाईनं दुसऱ्यांदा तेलपाणी पाजून चोळलं होतं. पारूबाईनं हात लावला.

"भिजल्या कणकेसारखं लागतंय," ती म्हणाली. "हे काय आहे?"

येसाईनं सांगितलं. पारूबाईनं पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "उलटी धरून झटकू का? पटकन बाहेर पडेल."

"नको गं. पाणी श्वासात गेलं तर गुदमरेल. उद्या सकाळपर्यंत थांब. सकाळी पिशवी भरलेली निघाली, तर विळी तुझी आणि कोंबडीही तुझी."

पारूबाई घरी गेली, पाहुण्यांना पिठलं केलं. आणि दिवेलागणीला स्वतःच कोमट पाणी घेऊन आली. दोघींनी तिसऱ्यांदा चोळलं. पारूबाईची बोटं दुखायला लागली, येसाईची नाहीत.

पाचव्या दिवशी उजाडलं. येसाईनं डाल्यात हात घालायच्या आधी देवाचं नाव घेतलं. बोटं फिरवली. पिशवी मऊ, रिकामी, रुमालासारखी लोंबत होती. आणि डाल्याखाली जमिनीवर विष्ठा पडली होती. पारूबाईनं काडीनं उकरून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

वाळक्या गवताचा गुंता, आणि त्याच्याभोवती गुंडाळलेले काळे दोरे. एक, दोन, तीन. दृष्ट उतरवणारे.

कवडीनं एक डोळा उघडला, मग दुसरा. मान ताठ केली. येसाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि म्हणाली,

"येसाई, चार दिवस लुगडं उलटं नेसून बसलीस. एवढी माणसं येऊन गेली, एकानं सांगितलं नाही?"

येसाई हसली की रडली, ते पारूबाईलाही कळलं नाही. ती स्वतः पदर डोळ्यांना लावून बसली होती. चार दिवस उलटं लुगडं तिनंही पाहिलं होतं ना.

मग येसाईनं विचारलं, "आणि तू दोरे कशाला गिळलेस? सांगितलं का नाहीस?"

कवडी राखेत पाय झाडत म्हणाली, "गांडूळ वाटलं. पहिल्यांदा."

"आणि दुसऱ्यांदा?"

"शहाण्या कोंबडीनं चूक दोनदा केली, हे सांगायचं कसं?"

एवढ्यात दगडू भगत पाचवा दोरा घेऊन आला. कवडीनं पायातला चौथा दोरा पुढं केला. "आधी हा सोड. आणि तो नवा तुझ्या मिशीला बांध. मिशीची दृष्ट उतरेल." भगतानं निमूटपणे दोरा सोडला आणि डोकं खाजवत निघून गेला. चांगला माणूस होता, हसला पण.

दोन दिवस कवडीनं पातळ पेज घेतली, मग मऊ भात, मग दाणे. तुरा पुन्हा लाल झाला. भावाच्या घरचा कोपरा तसाच रिकामा राहिला. आणि येसाईनं एक नवा नेम धरला. रोज उजाडताना, दाणे टाकायच्या आधी, कवडीच्या पिशवीवरून एकदा बोटं फिरवायची. मग सगळी वाडी आपापली कोंबडी काखेत घेऊन तिच्या दारात यायला लागली. "येसाई, हिला जरा हात लावून बघ." राजवैद्यही आले एकदा. घोडा लांब बांधून.

कवडी पुष्कळ वर्षं जगली, आणि पुष्कळ बोलली. येसाईचं लुगडं बहुतेक दिवस सुलटं राहिलं.

आता आपापल्या पोटावर हात ठेवा बघू. नमू, तूही. भात आहे ना आत? जातं फिरतंय हळू हळू? फिरू दे. ते सकाळपर्यंत दळेल, आपण मध्ये बोलायचं नाही. दोरा-बिरा कुणी गिळला असेल तर आत्ताच सांगा. नाही ना? मग मिटा डोळे.