धाग्यांचं वारूळ

त्या वारुळात निरोप पोचत नसत. वर सांगितलेल्या कामाचे खाली येईपर्यंत तीनतेरा वाजलेले असत, आणि मग 'मला कुणी सांगितलंच नाही' यावरून रोज जुंपायची. शेवटी मुकादम मुंगळ्यानं कोळ्याकडून धागे आणवले आणि प्रत्येक दालनात ताणून घेतले. नियम सोपा होता. धाग्यावर निरोप आला की उलट एक हिसका द्यायचा, म्हणजे 'मिळालं'. हिसका देईल तो कामसू, न देईल तो कामचुकार.

भांडणं खरोखर थांबली. सगळ्यांना इतकं काही मिळू लागलं, की मिळाल्याचं कळवण्यातच दिवस सरायचा. पण वारूळ कसं शांत, अगदी दृष्ट लागण्यासारखं.

तळाच्या दालनात यमी नावाची मुंगी अंडी सांभाळायची. भिंतीपलीकडून पाट वाहायचा. एका दुपारी त्या भिंतीला चीर गेली आणि पाणी आत येऊ लागलं. यमीनं चिरेत डोकं खुपसलं आणि पायानं धागा ओढून कळवलं, 'तळाला पाणी. अंडी हलवायला या.'

लगेच हिसका आला. मिळालं. मग दुसरा, मग तिसरा, मग धागा नुसता थरथरतच राहिला. एकानं तर 'काळजी घे' असंही कळवलं. आलं मात्र कुणी नाही. इतक्या जणांना मिळालंय म्हटल्यावर कुणीतरी गेलंच असेल, असं जो तो धरून चालला होता.

पाणी पहिल्या अंड्याला लागलं तशी यमीला रडू फुटलं, आणि मग तिचं डोकंच फिरलं. तिनं कचाकच सगळे धागे तोडले, त्यांचा बोळा केला आणि चिरेत गच्च कोंबला. पाणी थांबलं.

वर धागे मुके झाले. तेव्हा मात्र सारं वारूळ तुटकी टोकं तोंडात धरून खाली धावत आलं. त्यांना पाहून यमीच्या जिवात जीव आला.

"आलात एकदाचे," ती म्हणाली. "चला, एकेक अंडं उचला."

"ते बघू मागाहून," मुकादम म्हणाला. "आधी सांग, धागे कुठे गेले?"

यमीनं चिरेकडे पाय दाखवला.

मुकादमानं बोळ्यातलं एक टोक हुडकलं, आपल्या टोकाला त्याची पक्की गाठ मारली, आणि नीट जोडलं गेलंय ना हे पाहायला एक हिसका दिला.