अडवलेलं वर्ष

पाहुणे, या बाजूनं या, तिकडं शेवाळ आहे. हे आमचं तळं, काळडोह. वाकून पाहिलंत तर पाण्याखाली एक पायरी दिसेल. ती कधी उघडी पडत नाही. आणि पलीकडं मोरीच्या तोंडावर जी काळी शिळा बसवली आहे, ती काढली तर पाणी आत्ता वाहू लागेल. काढायला चार माणसं पुरेत. पण आम्ही ती काढत नाही.

आमच्या मुलखावर धुक्याचं छत आहे. सूर्य कुणी पाहिलेला नाही, दिवसाचा उजेड सदा एकसारखा, ऋतू म्हणजे काय ते आम्हाला तुमच्याकडून ऐकूनच ठाऊक. त्यामुळं पूर्वी काळ मोजायचा तो या तळ्यावर. तळं तुडुंब भरे, मग मोरीतून हळूहळू उतरे. एक पायरी उघडी पडली की महिना गेला. शेवटची पडली की वर्ष सरलं. त्या दिवशी शंख फुंकत, वर्षात जन्मलेल्या मुलांची नावं ठेवत, कोठीतले कैदी सोडत आणि जुना नाईक उतरून नवा बसे. मग तळाचे झरे उफाळून तळं पुन्हा भरत. नाईकी एका वर्षाची, असाच नेम होता.

एका वर्षी नाईकी दौलोजीकडं आली. माणूस हुशार होता, म्हणे. त्याला गादी गोड लागली. पायऱ्या उघड्या पडू लागल्या तशी त्याची झोप उडाली. त्यानं कुशाबा नावाच्या पाथरवटाला बोलावून मोरीच्या मापाची शिळा घडवायला सांगितली. कुशाबानं छिन्नी लावली, पण शिळा कशासाठी ते ध्यानात आल्यावर हत्यारं गुंडाळून तो घरी निघून गेला. दौलोजीनं त्याला वर्ष सरेपर्यंत कोठीत टाकलं. शिळा दुसऱ्यांनी पुरी करून मोरीत बसवली. पाणी शेवटच्या पायरीवर येऊन थांबलं.

वर्षही थांबलं. दौलोजीनं दवंडी पिटवली की पाणी हलत नाही तोवर काळ हलत नाही. लोक प्रथम हसले. मग कुणी दोरीला गाठी मारून दिवस मोजू लागलं, कुणी उंबऱ्यावर खुणा करू लागलं. नाईकाच्या माणसांनी दोऱ्या जाळल्या, उंबरे तासले आणि मोजणाऱ्यांना कोठीत टाकलं. कोठी भरत गेली. तिच्यातून बाहेर यायचा दिवसच उरला नव्हता.

कुशाबाची बायको राही त्या वेळी गरोदर होती. तिला मुलगी झाली. वर्ष सरलेलं नाही म्हणून पोरीचं नाव ठेवता येईना. राही तिला नुसतं बाय म्हणे. कोठीच्या भिंतीशी उभं राहून ती नवऱ्याला ओरडून सांगे, बाय पालथी पडली, बायला दात आला, बाय रांगते.  एकदा आतून कुशाबानं विचारलं, म्हणे, की ती माझ्यासारखी दिसते का. त्या दिवशी राही घरी आली ती रडत नाही, रागानं पेटून आली.

पोर धरून धरून उभी राहू लागली तेव्हा राही तिला कडेवर घेऊन भरल्या सभेत गेली. सभा इथंच, या पायऱ्यांवर भरे. दौलोजी खाली पाण्याशी गादीवर बसलेला होता.

"नाईक, माझ्या माणसाला आत टाकलंत तेव्हा ही पोटात होती," राही म्हणाली.

"पाणी तिथंच आहे, बाई. वर्ष सरलेलं नाही."

"पाणी तुम्ही अडवलंत. आता हिला अडवून दाखवा."

तिनं पोरीला दगडावर उभं केलं आणि स्वतः मागं सरली. पोर डुलत उभी राहिली. मग तिनं एक पाऊल टाकलं. नाईकानं पहारेकऱ्याला हुकूम केला, उचल तिला. पहारेकरी भिकोबा वयस्क होता. त्याच्याही घरी बिननावाची नात होती. त्यानं भाला आडवा धरला, पोरीकडं पाहिलं आणि भाला खाली ठेवून बाजूला झाला. पोर पडली. राही जागची हलली नाही.  पोर हात टेकून उठली आणि थेट नाईकाच्या गादीपर्यंत चालत गेली.

"वर्ष सरलं," राही म्हणाली. "कोठी उघडा."

"मी मानत नाही," दौलोजी म्हणाला.

"तुम्ही मानू नका. आम्ही मोजलं."

लोक उठले. नाईकाला कुणी हात लावला नाही. सगळे त्याच्याकडं पाठ करून कोठीकडं चालत गेले आणि त्यांनी अडसर काढला. कुशाबा बाहेर आला तेव्हा पोर त्याला घाबरून आईच्या लुगड्यात लपली. तिचं नाव तिथंच ठेवलं, सरती. दौलोजी पुढं कित्येक वर्षं पाण्याशी एकटाच बसून असे. त्याच्या हिशेबानं त्याची नाईकी संपलीच नाही.

कुशाबा घण घेऊन शिळा फोडायला निघाला होता. राहीनं त्याला अडवलं. म्हणाली, ही फोडशील, उद्या दुसरा नाईक दुसरी बसवील. आपलं वर्ष पुन्हा पाण्याच्या हवाली करायचं नाही.

तेव्हापासून शिळा तशीच आहे. ठरलेलं मूल चालू लागलं की वर्ष सरलं; त्यानंतर गावात जे पहिलं मूल जन्मेल, त्याच्यावर पुढचं वर्ष मोजायचं. कधी वर्ष लांबतं, कधी लवकर सरतं. आमचं काही अडत नाही. त्या मुलाला बोट धरून चालवायचं नाही आणि थांबवायचंही नाही. आजही ते मूल उभं राहू लागलं की नाईक या खालच्या पायरीवर हात मागं बांधून बसतो. मूल समोर चालत आलं की त्यानं उठून वाट सोडायची. आजवर एकही नाईक बसून राहिलेला नाही.

एखाद्यानं बसून राहून तर पाहावं.