बाजेची पुढची बाजू

"मग यात चूक कुणाची, बुवा?"

जयवंताने विचारले आणि अंगणाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या हणमंताकडे तिरक्या नजरेने पाहिले.

नरहरीबुवा तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बुवांकडे मूकनाट्य शिकायला येऊन दोघांना सात वर्षे झाली होती. त्यांचा एक खेळ गावोगाव गाजत होता. दोन भाऊ आजारी आईला बाजेवर निजवून, भरल्या नदीतून पलीकडच्या वैद्याकडे नेतात. बाज नाही, नदी नाही, आई नाही, शब्द तर नाहीच. सगळे दाखवायचे ते नुसत्या अंगाने. पुढची बाजू जयवंताची, मागची हणमंताची. टाळ्या मात्र पुढच्या बाजूला पडत. त्या जयवंताच्या डोक्यात गेल्या होत्या, खोटे कशाला बोला.

"काल जत्रेत ऐन नदीच्या मध्यावर मी डोळे पुसले. बायाबापड्या रडत होत्या. आणि मागे हा गुडघ्यावर आला! लोक हसले, बुवा. सगळ्या रंगाचा बेरंग केला यानं. मला दुसरा जोडीदार द्या, नाहीतर एकट्यानं खेळायची आज्ञा द्या. याला घरी धाडा."

"खरं का, हणमंता?"

"आलो खरा गुडघ्यावर."

एवढेच तो म्हणाला. घरी धाडतील या भीतीने त्याचा चेहरा उतरला होता.

बुवांनी मंजिऱ्या उपरण्यात बांधल्या.

"उचला."

"आत्ता? इथं बघायला कोण आहे?"

"उचला..."

दोघांनी बाज उचलली. जयवंत पुढे, हात पाठीमागे वळवून. कुरकुरत निघाला खरा, पण चार पावलांत अंगणाची नदी झाली. पाणी घोट्याला आले, मांडीला आले, कमरेला लागले. मध्यावर त्याचे डोळे नेहमीसारखे भरून आले आणि त्याने चेहरा ओंजळीत घेतला. बुवांना दिसावे म्हणून आज जरा जास्तच वेळ घेतला.

मागे धप्पकन आवाज झाला.

"बघा! पुन्हा..."

जयवंत गर्रकन वळला.

हणमंता गुडघ्यावर होता, हात ताणून, दात आवळून. आणि दोघांच्या मध्ये, बाजेच्या पुढच्या बाजूला, ऐंशी वर्षांचे बुवा कमरेत वाकून उभे होते. हातात काहीच नव्हते. तरी मनगटे थरथरत होती, मानेची शीर टरटरून फुगली होती.

"डोळे..." बुवांना धाप लागली होती. "डोळे कोणत्या हातानं पुसलेस?"

"दोन्ही..."



जयवंताने आपले रिकामे हात पाहिले. गावोगाव त्याने आईला नदीच्या मध्यावर सोडून दिले होते आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या होत्या. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"हणमंता... दर खेपेला तू एकटा?"

हणमंताने मान डोलावली.

"मग आजवर कधी खाली आला नाहीस तो?"

"काल तू फार वेळ रडलास."

"अरे, पण कधी सांगायचंस तरी!"

"खेळात बोलायचं नसतं. आणि हात तर गुंतलेले."

जयवंत पुढे झाला. बुवांच्या हातांशेजारी त्याने आपले हात नेले, बाज धरली, आणि सात वर्षांत पहिल्यांदा तिचे वजन त्याच्या खांद्यांत उतरले.

"सोडा, बुवा. धरलंय मी."

हणमंता उठला. दोघे सावकाश चालू लागले, एकमेकांच्या पावलाचा अंदाज घेत. तुळशीपाशी काठ लागला. तिथे ते थांबले. एकट्याने खेळायच्या आज्ञेचे जयवंताने पुन्हा विचारले नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते त्याने वाहू दिले.

बुवा जवळ आले. वाकून त्यांनी हवेतच पांघरूण सारखे केले.

"हळू टेकवा रे... म्हातारीला आत्ताच डोळा लागलाय."