दोन राजमातांचे विरजण

फार पूर्वी हेमवती नगरीत वज्रबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होऊन जन्मले होते. राजा शूर होता, पण राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा शेजारच्या कुंजरपूरच्या दुंदुभी राजाने त्याला पत्र धाडले, 'तुमच्याकडे म्हणे आईला विचारल्याशिवाय राजा शिंकतही नाही.' वज्रबाहूने तिथल्या तिथे युद्ध पुकारले.

बोधिसत्त्वांना फार वाईट वाटले. एका टोमण्यापायी आठ हजार सैनिक मरायला निघाले होते आणि त्यातल्या कुणालाही तो टोमणा लागला नव्हता.

त्या राज्यात आईने तळहातावर दही घातल्याशिवाय राजा वेशीबाहेर पडत नसे. बोधिसत्त्वांनी राजमाता पद्मगंधेला सगळे सांगितले. ती उठली आणि विरजणाची वाटी घासून पालथी घालून आली.

सकाळी राजा चिलखत चढवून हात पुढे करून उभा राहिला.

"आईसाहेब, दही."

"लागलं नाही रे, वज्रा."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ऐन उन्हाळ्यात चिलखतात राजाची पार उकड झाली.

"घरात विरजणच नाही," राजमाता म्हणाली, "आणि राजाच्या दह्याला विरजण राजघराण्यातलंच लागतं."

"मग आणा कुठल्याही राजघराण्यातून!"

जवळपास दुसरे राजघराणे एकच होते. बोधिसत्त्व वाटी घेऊन थेट कुंजरपूरला गेले.

दुंदुभीची आई त्यांना पाहून हसली. "आमचाही चार दिवस हात पुढे करून बसलाय. मी सांगते, मांजरीनं सांडलं." तिने फडताळामागे लपवलेले विरजण काढून वाटी काठोकाठ भरून दिली.

पाचव्या दिवशी हेमवतीत दही लागले. राजाने तळहात चाटून पुसून साफ केला.

"काय सुरेख लागलंय! विरजण कुणाचं?"

"दुंदुभीच्या आईनं दिलंय."

राजाचा हात तसाच राहिला. "तिच्या घरचं खाऊन तिच्याच लेकावर चालून जाऊ?"

"ते मला कशाला विचारतोस, बाबा? लोक नावं ठेवतात."

राजाने चिलखत उतरवले, सैनिकांना घरी धाडले आणि आणखी थोडे दही मागितले.

इतके सांगून भिक्खूंचे गुरू शास्ते थांबले. पाण्याच्या भांड्यावरून तीन दिवस अबोला धरलेले दोन भिक्खू समोर बसले होते. "ते दोन राजे म्हणजे तुम्ही. रोज तुम्हा दोघांना भात वाढणारी उपासिका ही पद्मगंधा, तिची शेजारीण ही दुंदुभीची आई, आणि अमात्य होतो तो मी. यातला गुण क्षांती, म्हणजे राग निवेपर्यंत थांबणे."

दोघांनी एकदमच ते भांडे एकमेकांपुढे सरकवले आणि त्यातले पाणी सांडले.