तीन शिंगाडे आणि शिंकणारी परी

डोंगरांच्या ओंजळीत एक तळं होतं. निळंनिळं, गोड पाण्याचं! काठावर छोटीशी बकू राहायची, तिच्या आबांबरोबर. आबा टीचभर डोणीत बसून शिंगाडे काढायचे, उकडून विकायचे. मस्त चाललं होतं हो!

पण गेल्या जत्रेला गावाला स्वच्छतेचा असा काही झटका आला म्हणता! देवीपुढे तळं लख्ख दिसायला नको? झालं! लव्हाळी उपटली, पाणकणसं उपटली, शिंगाड्याचे वेलसुद्धा उपटले. वर शाबासकीचे म्हणून एकमेकांना नारळही दिले.

महिन्याभरात पाणी मटारच्या उसळीसारखं हिरवं! मासे गायब, शिंगाडे गायब. डास मात्र इतके, की आबा म्हणायचे, "बके, बोलायचं तर तोंड मिटून बोल."

आज घरात उरले होते फक्त तीन कच्चे शिंगाडे. तेच दोघांचं जेवण. आबा हरवलेली टोपी शोधत होते, म्हणून बकूच शिंगाडे धुवायला तळ्यावर आली. तेवढ्यात...

"आऽऽछी!"

खडकाआड एवढुश्शी परी! पंख चतुराचे, पण शेवाळाने चिकट्ट. शिंकली की गुलाबी-सोनेरी ठिणग्या भुर्रकन उडायच्या. बकूने फ्रॉकच्या टोकाने तिचे पंख अलगद पुसले.

"गुणाची गं बाई! माग तीन इच्छा. पण नियम आहे हं. तळ्यातल्या कुणाचं घर किंवा जेवण गेलं, की इच्छा बाद!"

"सोप्पंय! सगळे डास जाऊ देत."

"आणि आम्ही काय खायचं? तुझी वेणी?" बेडूक ओरडला.

"बाद!" परी म्हणाली.

"मग तळं आरशासारखं गुळगुळीत होऊ दे."

पाणकोंबडी फडफडत आली. "अंडी काय आरशावर घालू? घसरतील ना! आधीच घर नाही मला. तुझ्या आबांच्या टोपीत झोपते."

"बाद! आऽऽछी!"

उरली एकच इच्छा. बकूच्या पोटात गुरगुरलं. गरमागरम पुरणपोळी मागावी? पण पाणकोंबडी बिचारी टोपीत झोपते...

"परीताई, उपटलेलं सगळं परत येऊ दे."

"लव्हाळी देते, पाणकणसं देते. पण शिंगाड्याच्या वेलाला बी लागतं बाई."

बकूने शिंगाड्यांचा खिसा घट्ट धरला. मग डोळे मिटले. डुबुक! डुबुक! डुबुक!

आणि काय सांगू! हिरवीगार लव्हाळी सळसळत वर आली. मुळांनी पाणी चहासारखं गाळून काढलं. चतुर आले, डासांवर ताव मारू लागले. चंदेरी मासोळ्या चमचमल्या. शिंगाड्याचे वेल तर नुसते पळत सुटले आणि बघता बघता शिंगाड्यांनी लगडले! पाणकोंबडी लव्हाळ्यात राहायला गेली आणि टोपी तरंगत काठाशी आली.

"नाक मोकळं झालं गं!" परी खुदकन हसली. "गावाला सांग, देवीला हिरवंच आवडतं. उपटाउपटी बास!" आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली.

आबा धापा टाकत आले. "बके, टोपी काही सापडेना. निदान जेवण तरी कुठाय?"

शिंगाड्यांनी शिगोशीग भरलेली टोपी बकूने पुढे केली.

"टोपीतच आहे, आबा."